कारणाचा रकाना

"सोळानंतर एकदम अठरा? ताई, सतरा राहिला तुमचा."

बुधवार पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात नाजिमा तासभर उभी होती. लॅमिनेशनच्या मशीनमधून गरम कार्डं एकेक करून बाहेर पडत होती.

"सतरा नकोय."

"का? सतरा नंबरवाल्याला शिक्षणाचा हक्क नाही का?" दुकानदारानं मान वर न करताच विचारलं.

नाजिमा नुसती हसली. तिला जसं सांगितलं होतं तसं ती करत होती.

बी.एड.चं शेवटचं वर्ष. हडपसरच्या पुढं एका संस्थेच्या शाळेत ती सहावीच्या वर्गावर शिकवायचा सराव करत होती. शुक्रवारी तिचा डिजिटल पाठ होता, तो बघायला कॉलेजचे परीक्षक येणार होते. पाठ झाला की मुख्याध्यापक तिच्या प्रमाणपत्रावर सही करणार, आणि सोमवारी ते कात्रजच्या एका शाळेत दाखवलं की नोकरी. तिचे अब्बा बावीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिवणयंत्र चालवत होते. मुलगी सोमवारपासून टीचर होणार, हे त्यांनी गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

कार्डांची युक्ती ती नुकतीच शिकली होती. प्रत्येक मुलाला त्याच्या हजेरी क्रमांकाचं चौकोनी कार्ड. मधे काळी नक्षी, चार कडांना अ, ब, क, ड. जे उत्तर असेल ती कड वर धरायची. बाईंनी फोनवरचं ॲप उघडून कॅमेरा वर्गावरून फिरवला, की भिंतीवरच्या मोठ्या पॅनेलवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं उत्तर उमटतं.

पटावर एकतीस नावं होती, तीच तिनं ॲपमध्ये भरली होती. वर्गात मुलं तीस.

"सतराला कार्ड करू नकोस," तिच्या मार्गदर्शक सुरुची मॅडम म्हणाल्या होत्या. "पटावर आहे, वर्गात नाही." पुढचं विचारायच्या आत त्यांनी वह्यांचा गठ्ठा समोर ओढला होता.

मंगळवारी तिनं पहिली चाचणी घेतली. डिजिटल खोलीच्या दारावर काळ्या दगडाची पाटी होती. देणगीदार, अध्यक्ष, उद्घाटक, सगळे मिळून सात जणांची नावं. आत खिडक्यांना जाड पडदे आणि फिनेलचा उग्र वास. फरशी नुकतीच पुसलेली होती. सोमवारीही ती नुकतीच पुसलेली होती, आणि त्याच्या आदल्या आठवड्यातही. पॅनेलखालच्या वीजबोर्डाभोवतीची भिंत तेवढी नव्यानं रंगवलेली.

नाजिमानं पाण्याच्या उत्कलनबिंदूचा प्रश्न टाकला. तीस कार्डं वर गेली. तिनं फोन डावीकडून उजवीकडे फिरवला. टिंग, टिंग, टिंग...

पॅनेलवर आकडा आला. एकतीस.

सतराव्या नावापुढे हिरवी खूण होती. वैष्णवी. उत्तर बरोबर.

नाजिमानं पुन्हा फोन फिरवला. तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या बाकावरून जाताना फोन पुन्हा वाजला.

पहिल्या बाकावरची अलिझा हळूच म्हणाली, "बाई, ती सगळ्यात आधी उत्तर द्यायची."

मधल्या सुट्टीत सुरुची मॅडमनी शिक्षक खोलीचं दार लोटून घेतलं.

"जुलैत उद्घाटन होतं," त्या म्हणाल्या. "पाहुणे दारात आले आणि पॅनेल बंद. बोर्डातली पिन सुटली होती. खोली नुकतीच धुऊन काढलेली, सगळीकडे पाणी. मी म्हटलं, कुणीतरी जरा पिन लावा गं... ती अनवाणीच धावली. अर्थिंग केलेलंच नव्हतं."

"आणि मग?"

"मग काय? फिट आली, असं ठरलं. बाहेर तोवर हार-तुरे चालू होते."

"पण नाव अजून पटावर कसं?"

"नाव काढायचं तर शाळा सोडल्याचा दाखला लिहावा लागतो. त्यात कारणाचा रकाना असतो." मॅडमनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. "तो कुणी भरायचा?"

वैष्णवीचे वडील सीताराम विदर्भातून येऊन इथल्या एका सोसायटीत वॉचमन झाले होते. ते तीनदा शाळेत आले होते. मुलगीच गेली तर दाखला कशाला हवाय, असं लेखनिकानं त्यांना विचारलं. ते म्हणाले होते, "तिचं नाव तुमच्या वहीतून काढून द्या जी. तिले घरी न्यायचं हाय." त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. तिन्ही वेळा.

बुधवारी दीड वाजता शाळा रिकामी झाली. नाजिमा डिजिटल खोलीत एकटी गेली. पडद्यांच्या फटींतून उन्हाच्या दोन रेघा ओल्या फरशीवर पडल्या होत्या. तिनं पॅनेलवर टाइप केलं, शाळा सोडण्याचं कारण? अ, स्थलांतर. ब, आजार. क, विजेचा धक्का. ड, फिट.

तिनं फोन तिसऱ्या रांगेवर धरला. रिकामा बाक. टिंग.

क.

फिनेलच्या वासात आता जळक्या रबराचा वास मिसळला होता. तिनं दुसरा प्रश्न टाकला. मग मी काय करू? अ, गप्प बसू. ब, सरांशी बोलू. क, दाखला लिहू. ड साठी तिला काही सुचेना. तिनं ती जागा तशीच सोडली आणि फोन उचलला...

"नाजिमा मॅडम."

दारात मुख्याध्यापक बद्रीनाथ सर उभे होते. त्यांनी पॅनेलकडे एकदा बघितलं आणि स्वतःच ते बंद केलं.

"यादीत सतरा नंबर कशाला ठेवलाय?"

"पटावर आहे, सर."

"पटाचं मी बघतो. तुम्ही ॲपमधून काढा."

"सर, तिचा दाखला..."

सर तिला कार्यालयात घेऊन गेले. दाखल्यांचं पुस्तक उघडून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं, वर पेन ठेवलं. शेजारी तिचं प्रमाणपत्र. फक्त सही बाकी.

"घ्या. कारण तुमच्या अक्षरात लिहा. मी सही करतो," ते अगदी शांतपणे म्हणाले. "मात्र या दोन्हींपैकी एकाच कागदावर मी सही करणार. कोणत्या, ते तुम्हीच ठरवा."

नाजिमानं पेन उचललं. तिला अब्बांचा चेहरा दिसला. गल्ली दिसली. सोमवार दिसला. पेन तिनं परत जागेवर ठेवलं, फोन काढला आणि सतरा नंबर पुसून टाकला. त्याबरोबर मघाचे दोन्ही प्रश्नही.

शुक्रवारचा पाठ देखणा झाला. तीस कार्डं, तीस उत्तरं. परीक्षकांनी दोनदा मान डोलावली. शेवटच्या प्रश्नाला पॅनेल एकदम विझलं. खोली काळोखली.

"पिन सुटली वाटतं," परीक्षक घड्याळ बघत म्हणाले.

आणि नाजिमाच्या तोंडून निघून गेलं, "कुणीतरी जरा पिन लावा गं..."

मागच्या खुर्चीत सुरुची मॅडमनी तोंडावर हात दाबला. एकही मूल उठलं नाही. मग एक आवाज झाला, सगळ्या खोलीचा मिळून एकच. तीसच्या तीस मुलांनी जमिनीवरचे पाय उचलून बाकावर घेतले होते.

ओल्या फरशीवर चटचट असा आवाज पुढं गेला. अनवाण्या, घाईच्या पावलांचा. पॅनेल उजळलं.

"शाबास!" परीक्षक म्हणाले. "कोणी लावली?"

मुलांचे पाय अजून बाकावरच होते. परीक्षकांनी आपल्या कागदावर लिहिलं, विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग.

बारा वाजता सरांनी सही केली. शिक्का मारला. शाईवर फुंकर घालून कागद तिच्या हातात दिला. "अभिनंदन. कात्रजला आमचा नमस्कार सांगा."

जाता जाता पॅनेल बंद करायला म्हणून ती खोलीत शिरली. आत कुणी नव्हतं. पिन काढायला ती वाकली आणि तशीच राहिली. पिन बोर्डात नव्हतीच. ती बोर्डापासून हातभर लांब, ओल्या फरशीवर पडली होती.

पॅनेल चालू होतं.

नाजिमानं वर बघितलं. बुधवारी पुसलेला प्रश्न तिच्यासमोर होता. मग मी काय करू? त्याखाली आकडा, उत्तर दिलेले विद्यार्थी, एक. प्रमाणपत्र छातीशी घट्ट धरून तिनं हिरवी खूण शोधली. ती अ पुढे नव्हती. ब पुढे नव्हती. क पुढेही नव्हती.

ती ड पुढे होती. जिथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं, कारणाच्या रकान्यासारखंच.