हिरव्या वायरचं टोक

"भाऊरावांनी बघितलं ना, तर वाट लागेल आपली!" जिन्याखालच्या मीटररूमच्या दारात चेतना कुजबुजली.

"बघू देत! घरोघरचे फ्रिज चावायला लागलेत आणि कमिटी म्हणते, चपला घालून उघडा!" श्रुतिका चिडून म्हणाली.

खरंच, वाकोल्याच्या त्या जुन्या इमारतीत हल्ली प्रत्येक फ्रिजपुढे रबरी चपलांचा जोड असायचा. अनवाणी उभं राहून हात लावला की झिणझिण्या आल्याच! मोठ्यांनी चपला आणल्या आणि विषय मिटवला. "जुनी बिल्डिंग, थोडा करंट येणारच," असं म्हणून सेक्रेटरी भाऊरावांनी हात झटकले. श्रुतिकाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचा छोटा भाऊ अनी चपलांचं नाव काढत नसे आणि बर्फासाठी सारखा फ्रिजकडे धावे. त्याला मागे ओढता ओढता ती रडकुंडीला आली होती. म्हणूनच मे महिन्याच्या सुट्टीत कॅरम सोडून ती, चेतना आणि वरच्या मजल्यावरचा देवेश इथे घुसले होते.

"एकाचा फ्रिज बिघडेल. सगळ्यांचे एकदम कसे बिघडतील?" श्रुतिका म्हणाली.

देवेशने मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकला. "ही हिरवी वायर बघ. सगळ्या घरांतून इथे येते."

"अर्थिंगची आहे ती," चेतना म्हणाली. "प्लगची जाडी पिन असते ना, तिची. फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती या वायरने जमिनीत निघून जाते. आपण वाचतो!"

"मग नीटच आहे की! पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलीय, आणि पाइप जातो जमिनीत..."

बोलता बोलता देवेशने उजेड खाली नेला. पाइप जमिनीत जातच नव्हता! वीतभर लोखंडी तुकडा, दोन्ही टोकांनी कापलेला, वायरला नुसता लोंबकळत होता. शेजारून नवाकोरा प्लॅस्टिकचा पाइप गेला होता.

"होळीनंतर पाइप बदलले," श्रुतिका पुटपुटली. "भाऊराव कामगारांना बजावत होते, वायरला हात लावू नका. म्हणून कामगारांनी वायर बांधलेला तुकडा तेवढा ठेवला!"

देवेश खो खो हसला. चेतना मात्र पांढरीफटक पडली. "हसतोस काय रे? कुठल्या तरी घरातली वीज या वायरवर येतेय. तिला जमीन सापडत नाही, म्हणून ती सगळ्यांच्या पत्र्यात शिरतेय! हात लावू नकोस त्या तुकड्याला!"

तेवढ्यात अंगणातला लाउडस्पीकर गरजला. "मंडळी, थंड पाण्याचा कूलर सुरू झालाय! लाभ घ्यावा!"

श्रुतिका ताडकन दाराकडे वळली. आज इमारतीची सत्यनारायणाची पूजा! अंगण नुकतंच धुतलेलं. पूजा म्हणून सगळे अनवाणी. आणि तो भाड्याचा स्टीलचा कूलर याच लाइनवर!

चपला पायात सरकवून ती अंगणात धावली. भाऊराव आडवे आले. "काय झाला गो? पूजेत चपला?"

"काका, कूलर बंद करा! करंट आहे त्यात! माणूस मरेल!"

"गप रव! शुभदिवशी कसला अभद्र बोलतंस?"

तिने ओरडून पाहिलं, पण लाउडस्पीकरपुढे तिचं कोण ऐकणार! आणि तेव्हाच गर्दीपलीकडे तिला अनी दिसला. ओल्या फरशीवर अनवाणी, हातात पेला, कूलरकडे निघालेला.

मध्ये सगळी इमारत बसलेली. ती पोचणं शक्यच नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, तरीही त्याच्याकडेच धावावं. मग तिने भावाकडे पाठ फिरवली. आयुष्यात इतकं कठीण काही तिने केलं नव्हतं. रडतच ती मीटररूमकडे सुटली, कोरडा हात मेन स्विचच्या दांड्यावर टाकला आणि सगळं बळ लावून तो खाली ओढला.

खट्! लाउडस्पीकरवरची आरती मध्येच बंद पडली. पंखे थांबले. बाहेर एकच गलका उठला. श्रुतिकाला फक्त एक आवाज हवा होता आणि तोच येत नव्हता.

"ताई, पाणी येतंय, पण गार नाहीये!" अंगणातून अनीची तक्रार ऐकू आली आणि तिने दांड्यावरचा हात सोडला.

"कोणी पाडला मेन?" भाऊराव लाल होऊन आले. देवेशने त्या तुकड्यावर उजेड टाकला. चेतनाने भराभरा सगळं सांगितलं. मांडवाची वायरिंग करणाऱ्या निलेशदादाने तुकडा पाहिला, सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं आणि मेन चढवून कूलरला टेस्टर लावला. भर दुपारी त्याचा दिवा लख्ख पेटला!

त्याने ताबडतोब मेन पाडला. शोधता शोधता तळमजल्यावरच्या कुंदाकाकूंचा जुना फ्रिज सापडला. वीज तिथूनच त्या वायरवर उतरत होती. "नवा अर्थिंगचा खड्डा होईपर्यंत मेन चढवायचा नाही," त्याने बजावलं. मेच्या उकाड्यात पंखा गेला, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

भाऊराव श्रुतिकासमोर उभे राहिले. "चेडवा, पाइप मीच बदलून घेतलंय. आज माझ्या हातून..." मग त्यांनी तिघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "आज ह्या पोरांमुळे आपण सगळे जिवंत घरी जातलो!"

माइक नव्हता, म्हणून आरती घशानेच झाली. श्रुतिकाने अनीला इतकं घट्ट धरलं होतं, की तो शेवटपर्यंत सुटायची धडपड करत होता.