ऑब्रीला दिलेला शब्द

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला खोटं पाडू नका.

मी तिथे होतो.

भूत म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. हे घडलं भर दुपारी. जूनमधला शुक्रवार होता. बाहेर थेम्सवर कडक ऊन पडलं होतं आणि आत संसदेत मतदानाची घंटा वाजत होती.

तेव्हा मी खासदार होतो. माझ्या शेजारच्या खोऱ्यातून माझ्याच पक्षाचा इड्वल प्रॉसर निवडून यायचा. जुना खाणकामगार. तोंडाने फाटका, मनाने लोणी.

समोरच्या बाकावर, सरकार पक्षात, सर ऑब्री थॅकवेल. गडगंज जमीनदार. सभागृहात दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण संसदेच्या क्रिकेट संघात सलामीला हेच दोघे उतरायचे! ऑब्री "चल" म्हणाला की इड्वल मागचापुढचा विचार न करता पळायचा. "थांब" म्हणाला की जागच्या जागी थांबायचा.

आमच्याकडे मत चालत जाऊन देतात: बाजूने असाल तर एका लॉबीतून, म्हणजे लांब दालनातून, आणि विरोधात असाल तर दुसऱ्या. आणखी एक पद्धत आहे. विरुद्ध पक्षांतले दोघे ठरवतात, तू मतदानाला नसशील तर मीही नसेन. दोघांची मतं एकमेकांना कापतात. याला जोडी म्हणतात. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. पण तो मोडणाऱ्याबरोबर पुन्हा कुणी चहासुद्धा पीत नाही.

मे महिन्यातल्या सामन्यात मी राखीव होतो. पाणी घेऊन खेळपट्टीवर गेलो, तेव्हा ऑब्री म्हणाला, "इड्वल, सोमवारी पोट फाडतायत माझं. जोडी देतोस?"

"किती दिवस?"

"मी परत येईपर्यंत."

"ये बाबा सावकाश. तू येईपर्यंत मी लॉबीत पाऊल ठेवणार नाही. झालं समाधान?"

जोडी एका संध्याकाळची देतात, फार तर आठवड्याची. परत येईपर्यंतची कुणी देत नाही. इड्वलने दिली. हातमोज्यांसकट हात मिळवले दोघांनी.

ऑब्री परत आला नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.

माणूस गेला, जोडी संपली. सगळ्यांनी असंच धरलं. इड्वलनेही.

पण दफन झाल्यावर पहिलंच मतदान आलं आणि इड्वल लॉबीच्या दाराशी थबकला. घंटा थांबली. दार बंद झालं. तो बाहेरच.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"म्हातारा झालास," मी चिडवलं.

"एम्लिन, हसू नकोस रे." त्याचा चेहरा उतरला होता. "मी दाराशी गेलो की तो ओरडतो... थांब!"

"कोण?"

"कोण काय कोण! इतकी वर्षं ज्याच्या हाकेवर पळालो, तो!"

माझं हसू तिथेच विरलं.

आणि मग तो शुक्रवार आला. विधेयक इड्वलचं स्वतःचं होतं. खाणीची धूळ छातीत जाऊन मेलेल्यांच्या बायकांना भरपाई देणारं. त्याचा बाप त्याच धुळीने गेला होता. सरकारचा विरोध होता, एकेका मताची मारामार होती. वर गॅलरीत त्याच्या खोऱ्यातल्या विधवा बसल्या होत्या, रविवारच्या प्रार्थनेच्या हॅट घालून.

घंटा वाजली. इड्वलने माझा दंड धरला.

"दारापर्यंत चल माझ्याबरोबर."

गेलो. उंबरठ्यापाशी त्याचे पाय अडकले. मला काहीच ऐकू आलं नाही. पण त्याला आलं. कपाळावर घाम फुटला होता त्याच्या.

"ऑब्री," तो रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "आज मोडतोय शब्द. वर त्या बाया बसल्यात रे... माफ कर."

आणि आत शिरला!

मला हायसं वाटलं. तसाच पळत माझ्या जागेवर गेलो. त्या दिवशी विधेयकाच्या विरोधात मत देणाऱ्यांच्या लॉबीत मोजणीला मी होतो. प्रत्येक दाराशी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस असतो. माझ्यासोबत सरकार पक्षाच्या मिसेस लॅथम होत्या. एकेक सभासद बाहेर पडत होता आणि त्या मोठ्याने आकडा म्हणत होत्या.

शेवटचा माणूस गेला.

"लॉबी रिकामी!" आतून शिपाई ओरडला.

आणि मग...

टक्... टक्... टक्...

फरशीवर खिळ्यांचे बूट वाजत होते.

लॉबीत कुणी नव्हतं. दुसऱ्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. आवाज मात्र जवळ येत होता. कापलेल्या गवताचा वास आला. मग बॅटला लावतात त्या जवसाच्या तेलाचा.

माझ्या बाहीला काहीतरी घासून गेलं...

मिसेस लॅथमने पुढचा आकडा म्हटला.

माझ्याही तोंडून तोच निघाला. मी म्हटला नव्हता. तो निघाला.

"कुणाला मोजलंत?" मी विचारलं.

त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "कुणाला सांगणार आहात, मिस्टर रीस? आणि काय सांगणार?"

आकडे वाचले गेले.

समसमान.

बरोबरी झाली की सभापतींनी नवा कायदा होऊ द्यायचा नाही, हा आमचा जुना रिवाज. त्यांनी विरोधात मत दिलं. विधेयक पडलं.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. सभापतींनी माझ्याकडे पाहिलंही. पण जादा कोण आला म्हणून सांगू? इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नाही.

बाहेर इड्वल भिंतीला टेकून उभा होता.

"आला होता ना?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मी आलो, म्हणून तोही आला. त्याचं काय चुकलं?" त्याचा आवाज फाटला. "मी आत गेलो नसतो तरी बरोबरीच होती. गेलो तरी बरोबरीच. म्हणजे मी काहीही केलं असतं तरी..."

त्याने बाहीने डोळे पुसले.

इतक्यात गॅलरीतल्या बायका जिना उतरून आल्या. सगळ्यांत पुढे म्हाताऱ्या मिसेस बेनन होत्या. त्यांनी इड्वलचा हात हातात घेतला.

"रडू नकोस रे पोरा. तू मत द्यायला गेलास, ते आम्ही पाहिलं वरून. आपली सगळी माणसं आली होती ना?"

"आली होती."

"मग आम्ही वरून मोजले त्यापेक्षा त्यांच्याकडे तो एक जास्तीचा कुठून आला?"

इड्वलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे.

मिसेस बेनन भरपाई न मिळताच गेल्या. इड्वलही गेला. मला अजून त्या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही.

तुम्ही तिथे असता, तर काय सांगितलं असतं त्या बाईला?