उलट्या पिनांचा अंक

“पेटी फोडायची,” सम्यक म्हणाला. “दुसरा उपायच नाही.”

“आणि मग मामा आपल्याला फोडेल, त्याचं काय?” अनयने विचारलं.

घाटकोपरच्या पंतनगरमध्ये मे महिन्यातली दुपार होती. त्या दिवसांत तिथे इतकं उकडतं, की कावळे उडायचा कंटाळा करून लिफ्टने वर जातात. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी तर एकाला बटण दाबताना पाहिलंय. लिफ्टशेजारचा जिना मात्र गार असतो. तिथेच तिघांची बैठक भरली होती: तेरा वर्षांचा अनय, त्याची धाकटी बहीण क्षमा आणि शेजारच्या दारात राहणारा त्यांचा दोस्त सम्यक.

भानगड अशी होती. अनय आणि क्षमाचा सुयोगमामा मुलुंडला राहायचा आणि जुनी कॉमिक्स जमवायचा. आदल्या दिवशी त्याने नव्या खरेदीचा फोटो पाठवला. ‘दर्यावीर’ नावाच्या जुन्या मराठी कॉमिक्सचा अंक, ‘प्रवाळगुहेचा कैदी’. अनयने तो फोटो सम्यकच्या आजोबांना, म्हणजे नानांना दाखवला.

आता नाना हा कधी गप्प बसणारा माणूस नव्हे. नानांनी म्हणे एकदा मागच्या नाल्यात मगर पकडली होती. तिला राणीच्या बागेत पोचवायला ते रिक्षाने निघाले, पण सायनच्या पुढे रिक्षा जात नाही, म्हणून तिथून तिला टॅक्सी करून दिली. आणि तिने सुट्टे पैसे परत आणून दिले, असंही ते वर सांगायचे. तर असे नाना तो फोटो बघून एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “याची शेवटची दोन पानं बघायला मिळतील का रे?”

मग त्यांनी पोरांना सांगितलं ते असं. नाना लहान असताना या वसाहतीत अंक यायचा एक आणि वाचायला टपलेली पोरं आठ. वाट कोण बघणार? त्या पोरांची पुढारी होती कमल. तिचे वडील कोकणातले, गिरणीत कामाला. ती कर्कटकाच्या टोकाने अंकाच्या पिना उचकटायची. पिना निघाल्या, की अंकाची आठ जोडपानं सुटी व्हायची. एकेकाला एकेक. वाचून झालं, की आपलं जोडपान शेजाऱ्याला द्यायचं आणि दुसरं घ्यायचं. सगळ्यात मधल्या जोडपानावर गोष्टीची मधली चार पानं सलग असतात. सगळ्यात बाहेरच्यावर मात्र सुरुवात पण असते आणि शेवट पण. नाना सगळ्यांत लहान, म्हणून त्यांना आधी मधलं मिळायचं. तिथून ते एकेक जोडपान करत बाहेर सरकायचे. कांदा आतून सोलत यावं, तशी ते गोष्ट वाचायचे.

‘प्रवाळगुहेचा कैदी’चं बाहेरचं जोडपान त्यांना दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. संध्याकाळी कमलने नेहमीसारखा अंक जुळवला, पिना लावल्या आणि घरी नेला. सकाळी नाना पळत गेले, तर तिच्या दाराला कुलूप. कमलच्या वडिलांना चेंबूरला खोली मिळाली होती. मोठ्यांनी पोरांना काही सांगितलंच नव्हतं. पुढे नाना चेंबूरला जाऊन शोधून आले. पण नुसतं ‘चेंबूर’ एवढ्या पत्त्यावर माणूस सापडत नाही.

“दर्यावीर हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे,” नाना म्हणाले. “पन्नास वर्षं झाली. तो त्या गुहेत आला कसा, हेसुद्धा मला ठाऊक नाही.”

आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

सम्यकने रात्रभर नेट पालथं घातलं. प्रकाशन केव्हाच बंद पडलं होतं, अंक कुठेच मिळत नव्हता. अनयने मामाला फोन केला, तेव्हा मामा असा किंचाळला जसं काही कुणी त्याची किडनी मागितली. अंक त्याने आणल्या आणल्या प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद केला होता. रविवारी मुलुंडच्या एका हॉलमध्ये जुन्या कॉमिक्सचा मेळावा होता. तिथे पार्ल्याच्या अनुपमाबाई तो अंक विकत घेणार होत्या, एका नव्या स्कूटरच्या किमतीला. अट एकच: अंक न उघडलेला हवा.

“पेटी नको फोडायला,” क्षमा म्हणाली. “आपण मामाला मदत करायला जाऊ. गेल्यावर काहीतरी सुचेल.”

शनिवारी तिघं मुलुंडला मामाच्या घरी पोचले. मामाची गाडीची चावी फ्रीजमध्ये सापडायची आणि चष्मा सापडायचाच नाही. पण कॉमिक्सला हात लावायचा तर पांढरे हातमोजे! त्याने पोरांना अंक कसे जोखतात ते शिकवलं. कोपरे टोकदार हवेत. पाठीच्या घडीवर सुरकुती नको. कागद पिवळा पडलेला नको. कुणी नाव घातलेलं, चिकटपट्टी लावलेली, मिशा काढलेल्या, असं काही म्हणजे काही नको. जितका अंक कोरा करकरीत, तितकी ग्रेड वर आणि तितकी किंमत वर.

“म्हणजे सगळ्यात भारी अंक कुठला?” क्षमाने विचारलं.

“जो छापून आला तसाच राहिलाय. कुणी वाचलाच नाही.”

“बिचारा,” क्षमा म्हणाली.

मामाला ते ऐकू आलं नाही. तो चष्मा शोधत होता.

पोरांनी दुपारभर अंक पुसले, पिशव्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या. कंटाळा आला तशी क्षमा अंकांच्या पाठी बघत बसली. प्रत्येकाच्या घडीवर दोन पिना. बाहेरून गुळगुळीत आडवी दांडी, आत दुमडलेले दोन पाय. शेकडो अंक, सगळे तसेच. मग तिने ‘प्रवाळगुहेचा कैदी’ची पेटी उचलून खिडकीपाशी धरली.

“अनय, इकडे ये ना. याच्या पिना बघ.”

दोन्ही पिनांचे दुमडलेले पाय बाहेरच्या बाजूला होते, खेकड्याच्या नांग्यांसारखे. दांडी आत गेली होती. पिना उलट्या होत्या.

त्यांनी मामाला दाखवलं. तो म्हणाला, छापखान्यात होतं असं कधीकधी. कोपरे बघा, कागद बघा, असा अंक जन्मात बघायला मिळणार नाही. पिनांकडे त्याने स्वतः आजवर नीट पाहिलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिघांनाही कळलं.

सम्यक मात्र त्या पिनांवरून नजर काढेना. संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या त्याने नानांना गाठलं. अंकाचं नाव न काढता एवढंच विचारलं, की कमल पिना परत कशी लावायची.

नाना हसले. “उलट्या लावायची.”

“का?”

“छापखान्याच्या पिनेचे पाय आतल्या बाजूला येतात ना? ते मधल्या पानावर. एकदा माझं बोट चांगलंच फाटलं होतं त्याने. मधलं पान कायम माझं, ‘मधल्या’च म्हणायची ती मला. तेव्हापासून ती पाय बाहेर काढायची. बाकीची पोरं ओरडायची, बाहेरून हाताला टोचतं म्हणून. ती म्हणायची, तुम्ही मोठे आहात, सोसा.”

सम्यक धावतच जिन्यात गेला. अनय आणि क्षमा तिथेच बसले होते. त्याने सगळं सांगितलं. तो अंक नुसता तसला दुसरा अंक नव्हता. तो तोच अंक होता.

“आता काय?” अनय म्हणाला. “सांगितलं तर मामाची वाट लागेल. किती खूश आहे तो.”

“नाही सांगितलं तर अंक पार्ल्याला जाईल,” सम्यक म्हणाला. “कपाटात. कायमचा.”

“आणि त्या बाईंना वाटेल कुणी वाचलाच नाही,” क्षमा म्हणाली. “ते खोटं ना पण?”

रविवारी हॉलमध्ये अनुपमाबाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, गळ्यात भिंग. त्या बोलायच्या इतकं हळू, की शेजारच्या टेबलांवरची माणसंही आपोआप कुजबुजायला लागली. त्यांनी पेटी हातात घेतली. कोपरे पाहिले, मान डोलावली. कागदाची कड पाहिली, पुन्हा मान डोलावली. मामाचा चेहरा फुलत चालला. बाईंनी पर्समध्ये हात घातला.

अनयने डोळे मिटले. “मामा, सॉरी,” तो म्हणाला. “मॅडम, याच्या पिना एकदा बघता का?”

बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग शेजारचा एक अंक उचलून त्याच्या पिना बघितल्या, मग पुन्हा याच्या.

“हा हाताने सोडलाय आणि हाताने जोडलाय,” त्या हळूच म्हणाल्या. “घडीवर जुनी भोकंसुद्धा आहेत. सुयोग, हा न वाचलेला अंक नाही. मला नको.” मग त्या पोरांकडे वळल्या. “मी इतकी वर्षं अंक जोखतेय आणि कोपरे बघून भाळले. तुम्हाला कसं कळलं?”

तेव्हा सम्यकने सांगितलं. पिना, कर्कटक, आठ पोरं, मधलं पान, फाटलेलं बोट. टेबलाभोवती जमलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. मामा खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांसमोरून ती स्कूटर एकदा हॉर्न वाजवून निघून गेली.

“अंक कुणाकडून घेतलास मामा?” क्षमाने विचारलं.

दिंडोशीच्या कुणा विशालकडून. त्याने घर रंगवायला काढलं होतं, तेव्हा माळ्यावरच्या वस्तू ऑनलाइन विकल्या होत्या. मामाने तिथल्या तिथे फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, की तुमच्या आईचं नाव काय.

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“कमल,” विशाल म्हणाला. “का हो? तुम्ही तो अंक परत देता का? आई आठवडाभर माळा उलथापालथा करतेय. मी विकला, हे तिला सांगायची माझी हिंमत होत नाहीये.”

त्याच संध्याकाळी मामाच्या गाडीतून सगळी वरात दिंडोशीला निघाली. नाना पुढे बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पेटी घेऊन. एरवी नानांनी वाटेत निदान दोन वाघ मारले असते. आज ते फक्त एकदाच बोलले: “किती जवळ आहे रे दिंडोशी.”

विशालने दार उघडलं. मागे त्याची आई उभी होती, ठेंगणी, जाड काचांचा चष्मा लावलेली. तिने आधी पेटी पाहिली, मग पेटी धरणारे हात, मग वर चेहरा.

“मधल्या,” ती म्हणाली. आणि मग, “म्हातारो झालंस रे.”

नानांनी तोंड उघडलं, पण इतक्या थापा मारलेल्या त्या तोंडातून एक शब्द निघेना. त्यांनी नुसती पेटी पुढे केली.

मामाने स्वतः कात्री मागितली आणि स्वतः सील कापलं, हातमोजे न घालता. कमलआजींनी अंक नानांच्या हातात दिला. क्षमा, अनय, सम्यक नानांच्या खांद्यावरून वाकले, तशी आजींनी तिघांना दंड धरून बाजूला बसवलं.

“आई, मला तू कधी हातसुद्धा लावू दिला नाहीस याला,” विशाल म्हणाला. “लहानपणी रडून मागितला होता. एकाचा नंबर राहिलाय, एवढंच म्हणायचीस. मला वाटायचं, गंमत करतेस.”

“गंमत कसली?” कमलआजी म्हणाल्या. “आमचा नियम होता. बाहेरचं पान वाचलं, की शेवटच्या पोराचं वाचून होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. शेवट कुणी फोडायचा नाही. नियम मीच केला होता, मग मोडणार कशी?”

अनुपमाबाईंना अंक इतका कोरा का वाटला, हे तेव्हा मामाला कळलं. त्याने चष्मा काढून पुसला. तो आज सापडलेला होता.

नानांनी पहिलं पान वाचलं. दर्यावीर गुहेत कसा आला ते त्यांना कळलं असावं, कारण ते “अच्छा” म्हणाले. मग त्यांनी अंक उलटा करून मागून उघडला. मागची दोन पानं ते फार सावकाश वाचत होते, एकेका चित्रावर बोट ठेवून. कमलआजी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. एकदा नाना हसले, तशा त्याही हसल्या, नेमकं कुठल्या चित्राशी ते माहीत असल्यासारख्या.

विशालने आतून चहा आणला. सगळ्यांना देता देता तो पोरांना म्हणाला, की तुमच्यामुळे आज आईला तोंड दाखवता आलं मला. नानांनीही अंकातून डोळे न काढता हात लांब केला आणि सम्यकच्या डोक्यावर ठेवला. तिथेच राहू दिला.

मग त्यांनी अंक मिटला.

“झालं?” कमलआजींनी विचारलं.

“झालं.”

“सगळं?”

“सगळं वाचलं गं.”

कमलआजींनी पदराने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “मग आता बोलू?”