एका पायावर, सात वह्या

संत्र्यांचा वास. शून्याखाली चार अंश.

बाहेर नागपूर, सत्तेचाळीस अंश.

नुकतं चालायला लागलेलं मूल तासाला पंधरा-वीस वेळा पडतं आणि कोणाचीही माफी मागत नाही.

लघुलिपीत ‘तहकूब’ची खूण: आडवी जाड रेघ, टोकाला हुकासारखा आकडा.

“मॅडम, गुडघे वाकवा! झेंडावंदनाला उभ्या आहात का?”

मंदाकिनी आवळे बर्फावर आपटली. आजची चौदावी वेळ. उपचाराचा एकविसावा दिवस.

हे जुनं शीतगृह. संत्री गेली, वास राहिला. आता इथे मोठी माणसं उभं राहायला शिकतात. एका औषधाने मंदाकिनीच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी इंद्रियं कायमची निकामी केली होती. दीड वर्ष ती भिंतीला धरून चालली, दिवे गेले की रांगली. मग ‘बालखिडकी’ आली. एक इंजेक्शन, आणि हालचाली शिकणारा लहान मेंदू बेचाळीस दिवस तान्ह्या मुलाच्या मेंदूसारखा मऊ. त्या दिवसांत पाय जे शिकतील ते कायमचं. पुढे खिडकी बंद, आणि ती दुसऱ्यांदा उघडत नाही. बर्फ अशासाठी, की त्यावर चालण्याची जुनी कुठलीच सवय कामी येत नाही.

शिकवणाऱ्या कादरभाई मुलाणींनी हात पुढे केला. “उठा जी. बर्फ काही घरी जाऊन सांगत नाही.”

ती उठली नाही. स्केटच्या पात्यांनी बर्फावर ओढलेल्या रेघांकडे बघत राहिली. तीस वर्षं ती विधिमंडळात लघुलेखक होती. जाड रेघ, बारीक रेघ, आकडा, वळण. या रेघांत तिला रोज शब्द दिसायचे. “आज मी पडून ‘सन्माननीय सदस्य’ लिहिलं,” असं ती कादरभाईंना सांगायची.

आज त्या नुसत्या रेघा होत्या.

घरी तिने कपाटातल्या सात वह्या काढल्या. आई शेवटचे तीन महिने बोलत होती आणि मंदाकिनीने उशाशी बसून सगळं लघुलिपीत टिपलं होतं. हात टिपतो, मन भलतीकडेच असतं. काय बोललं गेलं ते वही वाचल्यावरच कळतं. वाचायचं राहून गेलं होतं. यंत्राला वाचायला दिलं तेव्हा ते म्हणालं, ‘अध्यक्ष महोदय तांदूळ निवडत असताना तहकूब झाले.’ घाईत तिने सभागृहाच्याच खुणा वापरल्या होत्या. अध्यक्ष महोदय म्हणजे आजोबा. तहकूब म्हणजे मृत्यू. अशा शेकडो. किल्ली फक्त तिच्या डोक्यात, आणि आज काही खुणा तिलाही लागत नव्हत्या.

डॉक्टर फोनवर म्हणाले, “खिडकीतून नवं आत येतं, तसं जुनं बाहेरही जाऊ शकतं. हाताच्या सवयीचं आधी.”

“आणि सराव थांबवला तर?”

“उरलंय ते कदाचित राहील. पण अर्धवट शिकलेला तोल टिकत नाही, मंदाकिनीताई.”

बाविसावा दिवस. सकाळी एका पायावर तीन सेकंद. दुपारी वही अर्थाकडे न बघता, भराभर मोठ्याने वाचून फोनमध्ये ध्वनिमुद्रण, सोळा पानं.

पंचविसावा. नऊ सेकंद. चार पानं.

एकोणतिसावा. एका पायावर अर्धी फेरी. एकच पान, तेही बाविसाव्या दिवशी वाचलेलं: ‘तू पोटात असताना मला – – आणि सासूबाई –’

“कादरभाई, मला जरा वाईट शिकवा.”

“काहून?”

“आईच्या साडेपाच वह्या वाचायच्या राहिल्यात.”

कादरभाई तिच्या स्केटची नाडी सोडायला वाकले. “मग उद्या येऊ नका.”

“येणार,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “मला रांगायचं नाही हो परत.”

तिसाव्या दिवशी ती वही घेऊनच बर्फावर उतरली. इथे शिकलेलं कायमचं राहतं ना? मग वाचनही इथेच शिकायचं, नव्याने. कादरभाई मागून तिचा एक हात धरून सरकत होते. पहिले तीन दिवस ती आणि वही, दोघी पडल्या. चौथ्या दिवशी कादरभाईंनी हात सोडला. उजवा पाय उचललेला, डोळे पानावर, मंदाकिनी पूर्ण फेरी फिरली आणि अख्खं पान न अडखळता वाचलं. आई बोलत होती! सासूबाईंनी डोहाळ्यांचा सांजा केला, तुपाचा वास घरभर, अध्यक्ष महोदय हसले.

“वा मॅडम!” कादरभाईंनी टाळ्या वाजवल्या.

घरी ती भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरापर्यंत गेली, पाणी प्यायली, आणि तेच पान ताडून पाहायला बाविसाव्या दिवसाचं ध्वनिमुद्रण लावलं. तिचाच आवाज: ‘मला आंबट सोसत नव्हतं. सासूबाई मुद्दाम रोज चिंचेचं सार करायच्या. मी मोरीत जाऊन ओकायचे, तुला सांभाळत.’

तिने पुन्हा लावलं. पुन्हा वही पाहिली. आज बर्फावर वाचलेल्याशी एकही वाक्य जुळत नव्हतं.

खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता, ती ताठ उभी होती. मग आज बर्फावर जी बोलली ती कोणाची आई?

सातव्या वहीतलं शेवटचं वाक्य, आठ वर्षांपूर्वी टिपलेलं, अजून कोणीच न वाचलेलं, असं आहे: ‘पुरे आता लिहिणं, जरा माझ्याजवळ बस.’