रिमच्या आत

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. हे घडलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपारचे तीन. पाली गावात, माझ्या वॉल्टरमामाच्या ओट्यावर लख्ख ऊन.

मामा सायकलची चाकं बांधतो. त्याचा मुलगा जेसन वरसाव्याच्या एका भंगारवाल्याकडून जुनं चाक घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी त्याच चाकावर तो लांब राईडला जाणार होता.

चाक आऊट होतं. फिरवलं की एका बाजूला लचकायचं. मामा चावीने एकेक स्पोक आवळत, बोटाने छेडत गेला. सगळे सारखे वाजले की ताण सारखा.

टिंग. टिंग. टिंग...

एक स्पोक वाजलाच नाही.

मामाने तो आवळला. पुन्हा छेडला...

ओल्या मांसावर टिचकी मारावी तसा आवाज आला.

आणि रिमच्या आत काहीतरी खुळखुळलं.

"निपल तुटून आत पडलाय. काय न्हाय," मामा म्हणाला. निपल म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारा बारीक नट.

चाक स्टँडवरून उतरवून, टायर काढून त्याने रिम व्हॉल्व्हच्या भोकातून झटकली.

निपल नव्हता.

नख होतं. माणसाचं. अख्खं, मुळासकट. पिवळं... आणि ओलं.

मग वास आला. मामाचा जन्म सुक्या बोंबलांच्या वासात गेलाय. तरी तो ओट्यावरून वाकून ओकला.

"पप्पा, फेकून द्या ते!" जेसन ओरडला.

"मानसाचं हाय. असं कसं फेकू?"

तोंड पुसून मामा झटकत राहिला. चिकट, बुळबुळीत नखं टपटप पडत होती. दहा झाली. मला वाटलं, संपलं.

अकरावं पडलं...

बारावं इवलंसं होतं. तान्ह्या बाळाचं असावं तेवढं.

मामाने करवत आणून रिम कापली. आत कोरडं, चकचकीत ॲल्युमिनियम. डाग नाही, थेंब नाही.

लुईझामामीने चिमट्याने नखं उचलली, चिंचेखाली पुरली, प्रार्थना म्हटली. चिमटाही तिथेच गाडला.

सोमवारी जेसन भंगारवाल्याकडे गेला. चाक कुठून आलं, विचारलं.

"पता नहीं भाई. बोरी भर के आए थे. बाकी सब बिक गए."

मामा आता चमच्याने जेवतो. मागच्या रविवारी जेवणाआधी त्याने बोटं माझ्या नाकाशी धरली.

"वास येतो का रे?"

मी नाही म्हणालो.

येत होता.