एक जागा झाला की दुसरा झोपतो

प्रिस्क्राइब : औषध लिहून देणं.
प्रोस्क्राइब : बंदी घालणं.

तळेगावच्या त्या प्रयोगशाळेत शब्दविलगक जन्माला आला, तो एका हशातून. संचालक अनंत दुर्वे परदेशातल्या सभेत या दोन शब्दांत घसरले आणि सभागृह हसलं. परत आल्यावर ते हेमांगी तोडणकरला म्हणाले, ही पाळी पुन्हा आपल्याकडच्या कुणावर येता कामा नये.

हेमांगीने आयुष्यातली उमेदीची वर्षं घालून कानामागे बसणारी नखाएवढी चकती बनवली. तत्त्व साधं होतं. मेंदूत प्रत्येक शब्दाचा पेशींचा एक झुबका असतो. दोन झुबके एकमेकांत गुंतले की माणूस गोंधळतो. चकती असे गुंतलेले झुबके हुडकते आणि त्यांच्यात वैर लावून देते. एक जागा झाला की दुसऱ्याने झोपायचं. मग चकती काढली तरी वैर कायम.

नियामक मंडळावरची सगळी माणसं मराठी शाळांतून आलेली, इंग्रजीत कुठे ना कुठे तोंडघशी पडलेली. त्यांनी चकती आधी स्वतःला लावून घेतली. हेमांगीनेही. आता सोमवारी ठराव यायचा होता: राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या कानामागे चकती.

एमिग्रेट : सोडून जाणं.
इमिग्रेट : येऊन राहणं.

त्याआधीच्या शुक्रवारी तौफिक बागवानने तिला आपल्या खोलीत बोलावलं. मेंदूच्या प्रतिमा वाचणं हे त्याचं काम, आणि अख्ख्या प्रयोगशाळेत चकती न लावलेला तो एकटाच. माझ्या डोक्यात आधीच गर्दी आहे, असं तो सांगायचा.

"शाळेत इंग्रजी शब्द कसे पाठ केलेस?" त्याने विचारलं.

"कसे म्हणजे? घोकून. आर-आय-व्ही-ई-आर रिव्हर, रिव्हर म्हणजे नदी."

"तेच नडलं. तुझ्या डोक्यात रिव्हर सगळ्यात जास्त कशात गुंतला होता? नदीत. चकतीला अर्थ कळत नाही बाई, गुंता कळतो. तिने तोही सोडवून टाकला. आता इंग्रजी जागी झाली की तुझी मराठी झोपते, आणि मराठी जागी झाली की इंग्रजी. टेबल, पेन बचावले, कारण त्यांना मराठी जोडीच नव्हती."

हेमांगी म्हणाली, मला तर काही हरवल्यासारखं वाटत नाही. त्यावर त्याने तिचीच एक चित्रफीत लावली. परदेशी वार्ताहर इंग्रजीत विचारत होता, तुमच्या आईच्या भाषेतला एखादा शब्द सांगा. पडद्यावरची हेमांगी छान हसली आणि आठवत नाही म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खंत तर सोडाच, साधी अडखळही नव्हती.

ती फीत तिने पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, सोमवारी मी मंडळापुढे हे सगळं मांडते.

"मंडळाचं कामकाज इंग्रजीत चालतं," तौफिक म्हणाला. "तू इंग्रजीत शिरलीस की मराठीत वाटलेलं सगळं झोपी जाईल, कशासाठी आलीस तेच विसरशील. उभी राहून ठरावाला पाठिंबा देशील, आणि तोही मनापासून. त्यांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी पुरे. कागदावरच्या शब्दापेक्षा कानावर पडलेला शब्द दांडगा असतो."

रेझोल्यूशन :
ठराव :

सोमवारी हेमांगी कानात कापसाचे बोळे कोंबून सभेत शिरली. दुर्वेंचे ओठ हलायला लागले होते. ती थांबलीच नाही.

"दुर्वे सर, उन्हाळ्यात तुमच्या गावची नदी आटली की पात्रात काय करायचात तुम्ही पोरं?"

दुर्वेंनी कपाळाला आठ्या घातल्या. हाताने तिला बसायची खूण केली. ती नदीवरच बोलत राहिली, वाळूवर, चटके बसणाऱ्या पायांवर. दुर्वेंचे ओठ आणखी थोडे हलले, मग मध्येच थबकले. तेव्हा कुठे तिने कापूस काढला.

"पाण्यासाठी झिरे उकरायचो," ते सावकाश म्हणाले. "आणि कलिंगडं लावायचो. वाळूत."

शेजारच्या सरोजिनी काळसेकर म्हणाल्या, आमच्याकडे नदीची कलिंगडं नसायची, मळ्यातली असायची, पण गोडीला जास्त. दुर्वेंना ते अजिबात पटलं नाही. तिसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढलं. या मंडळात इतका आवाज कधी झाला नव्हता.

शेवटी दुर्वेंनी भानावर येऊन ठरावाचा कागद उचलला. मतदानाआधी ठराव वाचून दाखवायचा, असा नियम होता. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, पुन्हा सुलटा धरला.

"यात काय लिहिलंय?"

तो हातोहात फिरला. अक्षरं सगळ्यांना दिसत होती. अर्थ कुणालाच लागत नव्हता.

दुर्वेंच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा लाल झाला. "हेमांगी, जे काही चालवलंयस ते बंद कर. दोन मिनिटं गप्प बस आणि हे मला वाचू दे."

"नाही सर."

तिने खुर्ची ओढली आणि थेट त्यांच्या समोर बसली.

"मी गप्प बसले की तुम्हाला ते वाचता येईल. आणि वाचता आलं की कशाचंच काही वाटणार नाही, ना तुम्हाला, ना मला. मी हा ठराव होऊ देणार नाही. हं, सांगा आता. कलिंगडं चोरायला कोण यायचं?"