राखीव आठवडा

कारखान्यात तिला सगळे तराजूबाई म्हणत. काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरून तडा शोधायचा, हे तिचं काम. आणि युनियनच्या वतीनं साडेतीनशे कामगारांच्या वार्षिक सुट्ट्या वाटायच्या, ही तिची हौस. हौस म्हणा, खोड म्हणा. सख्ख्या मामालाही तिनं कधी एक दिवस जास्त दिला नव्हता!

सुट्ट्यांच्या चिठ्ठ्या कँटीनमध्ये, बिस्किटांच्या जुन्या डब्यातून निघत. त्या दिवशी डब्यात दोनच उरल्या होत्या. एक तिची, एक भट्टीवरच्या कुणा नव्या माणसाची. तो धापा टाकत आला, दोघांनी एकदमच डब्यात हात घातला… आणि अडकले की हो!

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"आधी हात तर काढा!"

चिठ्ठ्या उघडल्या. दोघांनाही तोच आठवडा, वर्षाच्या अगदी शेवटचा.

"घ्या! आता एकत्रच जायला हवं."

"जिभेला काही हाड?" ती म्हणाली खरी, पण कान लाल झाले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाला यादी बघायला येऊ लागला. छापलेल्या यादीत रोज काय बदलणार, कप्पाळ! पण तीही दोन चहा घेऊन थांबायची. असे सात महिने गेले. त्या आठवड्यात त्याच्या बाबांना भेटायला जायचं ठरलं. बाबा शिंपी, दूरच्या गावी एकटेच.

"सुनेसाठी कोट शिवायला घेतलाय त्यांनी," तो म्हणाला. "मापं मी कळवली."

"तुला रे काय ठाऊक माझी मापं?"

"अंदाज…"

"चावट कुठला!"

कामगारांना हे दिसत नव्हतं थोडंच? 'आता बघा, आपला तो बाब्या…' असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपत पुटपुटलंही. ते तिला फार लागलं.

दर महिन्याला एक आठवडा राखीव असे, कुणाच्या घरी अडचण आली तर द्यायला. तो तिच्या एकटीच्या सहीनं मिळे. सुट्टीला बारा दिवस उरले असताना भट्टीवाला अर्ज घेऊन आला.

"बाबांनी अंथरूण धरलंय. राखीव आठवडा… आहे का शिल्लक?"

शिल्लक होता. पण शेजारच्या टेबलावरच्या बायका जेवता जेवता थांबल्या होत्या. तिनं आवाज खाली आणला.

"अर्ज नको ना करू… लोक काय म्हणतील? बारा दिवसांचा तर प्रश्न. दोघं मिळूनच जाऊ."

मग त्यानं अर्जाची घडी करून खिशात ठेवली.

नवव्या दिवशी फोन आला. बाबा गेले होते.

तो परतला तो राजीनामा द्यायलाच. तिनं त्याला फाटकाशी गाठलं.

"एक विचारू?" तोच म्हणाला. "अर्ज दुसऱ्या कुणाचा असता तर?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमलंच नाही.

"दिला असता. तिथल्या तिथे."

"म्हणजे माझा होता म्हणून…"

"तुझा होता म्हणून. भ्याले रे मी! चुकले!" ती रडायलाच लागली.

"राग नाही गं," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "जीव आहे तुझ्यावर, अजूनही. पण तुला बघितलं, की ते नऊ दिवस आठवतात. दाराकडे बघत होते म्हणे बाबा…"

त्यानं एक पुडकं तिच्या हातात दिलं आणि तो गेला. तिनं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?

दुसऱ्या दिवशी त्यांचा आठवडा सुरू झाला. घरी, आरशासमोर, तिनं पुडकं सोडलं. निळा कोट होता, डावी बाही लावायची राहिलेला. तिनं तो अंगात घातला. खांद्याला, कमरेला, अगदी चपखल बसला. एवढासाही अंदाज चुकला नव्हता त्याचा.

उघडा हात पोटाशी घेऊन ती तिथेच खाली बसली. पुढचे सात दिवस तिला सुट्टी होती.